सहा महिन्यांची विमानवाहू : 'ऑडॅसिटी'ची युद्धसेवा

विमानवाहू जहाज म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर 'विक्रांत' येते. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा पोराबाळांना घेऊन त्या सातशे फुटी जहाजावर फिरून आलेली माणसे अजूनही भेटतात. या पुस्तकातले जहाज समजून घ्यायचे तर मनातले ते चित्र आधी बरेच आखडावे लागेल. 'ऑडॅसिटी'ची लांबी ४६७ फूट. तिच्या पोटात विमानांचे कोठार नव्हते, ती वर-खाली नेणारी लिफ्ट नव्हती, डेकच्या कडेला उभा असतो तो मनोराही नव्हता. विमाने सहा, फार तर आठ. वेग १५ नॉट. मुळात हे एक जर्मन मालवाहू जहाज. ब्रिटिशांनी पकडले, वरचा भाग कापून काढला, त्यावर सपाट डेक बसवले आणि जून १९४१ मध्ये नौदलात दाखल केले. २१ डिसेंबर १९४१ च्या रात्री ते अटलांटिकच्या तळाशी गेले.

नौदलाच्या इतिहासांत या जहाजाला सहसा एक परिच्छेद मिळतो. ब्रिटनचे पहिले 'एस्कॉर्ट कॅरियर', म्हणजे व्यापारी जहाजांच्या काफिल्याला सोबत करणारे छोटे विमानवाहू जहाज, काही जर्मन विमाने पाडली, बुडाले. माझ्या मते त्याचे पहिलेपण ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. त्याला जोडीदार लवकरच मिळणार होते. अमेरिकेचे 'लाँग आयलंड' त्याच जून महिन्यात, तेही एका मालवाहू जहाजातूनच, तयार झाले होते. 'ऑडॅसिटी'कडे पाहायचे ते वेगळ्या कारणासाठी. हत्यार हाती आले, पण ते कसे वापरायचे आणि त्याच्यावर हुकूम कोणाचा, हे ठरायच्या आतच ते लढाईत उतरले. त्याचे यश आणि त्याचा शेवट दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

आधी गरज कशाची होती ते पाहू. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि बोर्डोजवळचा मेरिन्याकचा विमानतळ जर्मनांच्या हाती आला. तिथून फोके-वुल्फ २०० 'कॉन्डोर' ही चार इंजिनांची विमाने अटलांटिकवर दूरवर घिरट्या घालू लागली. त्यांचे काम दुहेरी असे. एकटेदुकटे जहाज दिसले तर बाँब टाकायचे, आणि काफिला दिसला तर त्याची जागा कळवून पाणबुड्यांना बोलवायचे. ऑक्टोबर १९४० मध्ये ४२ हजार टनांचे 'एम्प्रेस ऑफ ब्रिटन' हे प्रवासी जहाज कॉन्डोरच्या बाँबने पेटले आणि दोन दिवसांनी पाणबुडीने त्याचा निकाल लावला. चर्चिल यांनी ६ मार्च १९४१ च्या अटलांटिकविषयक आदेशात पाणबुडी आणि फोके-वुल्फ या दोन शत्रूंची नावे शेजारी-शेजारी घेतली ती उगाच नव्हे.

गंमत अशी की कॉन्डोरही मूळचे लढाऊ विमान नव्हे. ते प्रवासी विमान. १९३८ च्या ऑगस्टमध्ये याच जातीच्या विमानाने बर्लिन ते न्यूयॉर्क हे अंतर कुठेही न उतरता पार केले होते. युद्धासाठी त्यात बाँब आणि तोफा चढवल्या, पण हाडे प्रवासी विमानाचीच राहिली. जोराने उतरताना पाठ मोडून पडलेली कॉन्डोर विमाने काही कमी नव्हती. म्हणजे पुढे जी झुंज झाली ती प्रवाशांसाठी बांधलेले एक यंत्र आणि केळी वाहण्यासाठी बांधलेले दुसरे यंत्र यांच्यातली. दोन्ही जर्मनीतच बांधलेली.

कॉन्डोरवर पहिला उतारा मोठा क्रूर होता. व्यापारी जहाजाच्या नाळेवर गलोलीसारखी यंत्रणा बसवून तिच्यावरून एक हरिकेन विमान हवेत फेकायचे. विमान जायचे, लढायचे. परत उतरायला जागाच नसे. जमीन जवळ नसेल तर वैमानिकाने छत्रीने किंवा विमानासकट समुद्रात पडायचे आणि कोणी तरी उचलेल अशी आशा करायची. एका उड्डाणाला एक विमान, असा हा हिशेब. ऑगस्ट १९४१ मध्ये 'मॅप्लिन' जहाजावरून असे उडून एका वैमानिकाने कॉन्डोर पाडलेही. पण काफिल्याबरोबर परत उतरता येईल असे डेक हवे, हे सगळ्यांनाच कळत होते. मोठी विमानवाहू जहाजे मोजकी, आणि ती भूमध्य समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत सगळीकडे हवी होती. म्हणून नजर वळली जुन्या मालवाहू जहाजांकडे.

'ऑडॅसिटी'चा पूर्वजन्म 'हॅनोवर' नावाचा. ब्रेमेनच्या नॉर्डडॉइचर लॉइड कंपनीचे, फेगेझाकच्या ब्रेमर व्हुल्कान गोदीत बांधलेले आणि मार्च १९३९ मध्ये पाण्यात सोडलेले हे जहाज वेस्ट इंडीजच्या केळ्यांच्या व्यापारासाठी होते. युद्ध सुरू होताच त्याने क्युरासाओ बेटाचा आसरा घेतला. मार्च १९४० मध्ये ते घरी पळण्यासाठी निघाले आणि हिस्पॅनिओला व पोर्तो रिको यांच्यामधल्या मोना सामुद्रधुनीत ब्रिटिश क्रूझर 'डुनेडिन' आणि कॅनडाची विनाशिका 'असिनिबॉइन' यांच्या तावडीत सापडले. जर्मन खलाशांनी शिरस्त्याप्रमाणे तळाचे व्हॉल्व्ह उघडले आणि आग लावली. पकडणाऱ्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. आग विझवत, पाणी उपसत, ओढत ते जमैकाच्या किंग्स्टनपर्यंत आणले. त्या हट्टाविना हे पुस्तक झाले नसते. पुढे 'डुनेडिन' नोव्हेंबर १९४१ मध्ये 'यू-१२४' या पाणबुडीने बुडवली. हीच पाणबुडी दोन महिने आधी 'ऑडॅसिटी'च्या पहिल्या काफिल्यावर तुटून पडली होती.

नावे बदलत गेली. आधी 'सिंदबाद', मग 'एम्पायर ऑडॅसिटी', आणि जुलै १९४१ च्या अखेरीस नुसते 'ऑडॅसिटी'. जानेवारी १९४१ मध्ये ब्लाइथच्या गोदीत तिची मोडतोड आणि जोडणी सुरू झाली. सुमारे ४६० फूट लांब आणि ६० फूट रुंद डेक. उतरणाऱ्या विमानाला पकडायला आडव्या तारा, आणि त्या चुकल्या तर शेवटचा अडसर. कोठार नसल्यामुळे विमाने दिवसरात्र डेकवरच, वाऱ्यापावसात आणि खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात, दोरखंडांनी बांधलेली. एक विमान उतरायचे तर बाकीची सगळी पुढे ढकलायची. एक उडवायचे तर सगळी मागे. वाड्याच्या बोळात सहा स्कूटर लावलेल्या असताना आतली एक बाहेर काढायची, तसा हा रोजचा खटाटोप. फक्त बोळ वर-खाली हलतो आहे आणि पलीकडे समुद्र आहे. इंजिनांची दुरुस्ती रात्री, उघड्यावर, झाकलेल्या दिव्यांच्या उजेडात चाले. वैमानिकांची कामगिरी सगळे सांगतात. या फिटर-मेकॅनिकांची नावे कुठेच नाहीत.

याच्या उलट खालचा थाट. प्रवाशांसाठीच्या केबिन तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे ८०२ स्क्वाड्रनच्या तरुण वैमानिकांना स्वतंत्र न्हाणीघरासकट खोल्या मिळाल्या. त्यांतला एक एरिक ब्राउन. पुढे त्याने ४८७ प्रकारची विमाने उडवली आणि जहाजांच्या डेकवर २,४०७ वेळा विमान उतरवले. हे दोन्ही विक्रम अजून अबाधित आहेत. आपल्या आठवणींत त्याने या केबिनींच्या चैनीचे वर्णन मिटक्या मारत केले आहे. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता.

'ऑडॅसिटी' फक्त एकाच मार्गावर लढली: ब्रिटन ते जिब्राल्टर आणि परत. हा मार्ग फ्रान्समधल्या जर्मन तळांच्या अगदी दारावरून जाई. भरीस भर म्हणजे जिब्राल्टरच्या बंदरातून काय निघते आणि कधी, हे समोरच्या स्पॅनिश किनाऱ्यावरून जर्मन हेर उघड्या डोळ्यांनी बघत. सप्टेंबर १९४१ मध्ये ओजी-७४ या काफिल्याबरोबरची तिची पहिली फेरी विजयाची म्हणता येणार नाही. पाणबुड्यांनी काफिल्यातली पाच जहाजे घेतली, आणि बुडालेल्यांना उचलणारे 'वॉल्मर कॅसल' कॉन्डोरच्या बाँबला बळी पडले. पण २१ सप्टेंबरला पॅटर्सन आणि फ्लेचर या दोघांनी मार्टलेट विमानांतून ते कॉन्डोर गाठले आणि पाडले. अमेरिकन ग्रुमन बनावटीच्या या बसक्या, दणकट विमानांच्या अर्ध्या इंची मशीनगनांपुढे प्रवासी विमानाची ती कच्ची शेपटी टिकली नाही.

ओजी-७६ बरोबरच्या दुसऱ्या फेरीत, ८ नोव्हेंबरला, स्क्वाड्रनचा प्रमुख विंटूर कॉन्डोरवर हल्ला करताना स्वतःच मारला गेला. कॉन्डोरच्या मागून आणि बाजूने जाणे म्हणजे त्याच्या तोफांच्या तोंडी जाणे. त्याच दिवशी ब्राउनने समोरासमोर, नाकावर नाक धरून हल्ला केला आणि कॉन्डोर पाडले. समोरच्या बाजूला त्याचा मारा सर्वांत लुळा असे. धडा एका माणसाच्या जिवावर मिळाला आणि तो लगेच उपयोगी पडला.

शेवटचा काफिला एचजी-७६. या पुस्तकाचा गाभा तिथे आहे, म्हणून प्रस्तावनेतही मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

पर्ल हार्बर होऊन आठवडा झाला होता. १४ डिसेंबर १९४१ ला ३२ व्यापारी जहाजे जिब्राल्टरहून निघाली. रक्षणाची सूत्रे कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर यांच्याकडे होती, 'स्टॉर्क' या जहाजावर. वॉकर यांना बढतीत मागे टाकले गेले होते आणि समुद्रावरची स्वतंत्र जबाबदारी त्यांना नुकती कुठे मिळाली होती. पाणबुडी आली की काफिल्याला चिकटून बसायचे, ही तेव्हाची रीत. वॉकर यांना ती मान्य नव्हती. पाणबुडी जिथे असेल तिथे जाऊन तिला मारायचे, हा त्यांचा बाणा. पण ती कुठे आहे हे कळणार कसे? जहाजाच्या ब्रिजवरून दिसते ते काही मैल. 'ऑडॅसिटी'वर त्या वेळी उडण्याजोगी चारच मार्टलेट होती, पण त्या चार विमानांनी वॉकर यांची नजर क्षितिजापलीकडे नेली.

१७ डिसेंबरच्या सकाळी एका मार्टलेटने काफिल्यापासून २२ मैलांवर पाणबुडी पाहिली. वॉकर पाच जहाजे घेऊन धावले. 'यू-१३१' ने बुडी मारली, मार खाल्ला आणि पुन्हा वर आली. पृष्ठभागावर पळणाऱ्या पाणबुडीवर फ्लेचरने विमान घातले आणि तिच्या तोफेने त्याला टिपले. सप्टेंबरचा तोच फ्लेचर. पाठोपाठ जहाजांच्या तोफा लागू पडल्या आणि पाणबुडी बुडाली. तिच्यावरचे खलाशी मात्र वाचले. दुसऱ्या दिवशी 'यू-४३४' गेली. १९ तारखेच्या पहाटे 'यू-५७४' ने 'स्टॅनली' ही विनाशिका उडवली. मग 'स्टॉर्क'ने तिचा गोल गोल पाठलाग केला. अंतर इतके कमी की तोफा खाली वाकेनात आणि तोफखान्यातली माणसे नुसत्या मुठी दाखवत राहिली. अखेर 'स्टॉर्क'ने तिला धडक देऊन बुडवले. दिवसा मार्टलेटनी दोन कॉन्डोर पाडली, त्यांतले एक ब्राउनचे. २१ ला तर वैमानिकांना दोन पाणबुड्या एकमेकींना खेटून, मधे फळी टाकून दुरुस्ती करताना सापडल्या. ही निवांत पाणबुडी आणि अंधारात हल्ला करणारी पाणबुडी एकच असते. फरक फक्त वरून कोणी पाहते आहे की नाही, एवढाच.

जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख ड्योनित्झ यालाही हे दिसत होते. या काफिल्यातले विमानवाहू जहाज बुडवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम, असे त्याने आपल्या पाणबुड्यांना कळवले. 'ऑडॅसिटी' किती परिणामकारक होती याचा याहून चांगला दाखला ब्रिटिश कागदपत्रांत नाही.

आता २१ डिसेंबरची रात्र. अंधारात मार्टलेट उडत नसत, म्हणजे सूर्य मावळला की 'ऑडॅसिटी' हे केवळ एक मोठे, मंद सावज उरे. ते ठेवायचे कुठे? तिचे कप्तान कमांडर मॅकेंड्रिक रोज रात्री तिला काफिल्याबाहेर काढत, नागमोडी वाटेने एकटे फिरत. आधीच्या रात्री एखादी कॉर्व्हेट, म्हणजे छोटी रक्षक नौका, सोबत असे. त्या रात्री वॉकर यांच्याकडे द्यायला कॉर्व्हेट उरली नव्हती. त्यांनी डाव्या बाजूला राहण्याचे सुचवले. मॅकेंड्रिक यांना हल्ला डावीकडून येईल असे वाटत होते, म्हणून ते उजवीकडे गेले. दोघेही कमांडर, पण सेवाज्येष्ठतेत मॅकेंड्रिक वरचे. काफिल्याच्या रक्षणाचा प्रमुख त्याच काफिल्यातल्या सर्वांत मोलाच्या जहाजाला फक्त विनंती करू शकत होता.

पुढे जे घडले ते काही मिनिटांतले. 'ॲनाव्होर' या नॉर्वेजियन जहाजाला टॉर्पेडो लागला, काफिल्यातल्या जहाजांनी घाबरून लख्ख प्रकाशाच्या नळ्या उडवल्या, आणि त्या उजेडात गेरहार्ड बिगाल्क याच्या 'यू-७५१' ला समोर विमानवाहू जहाजाची आकृती दिसली. पहिला टॉर्पेडो इंजिनघरात बसला. जहाज पिछाडीने खाली बसू लागले आणि थांबले. बिगाल्कने टॉर्पेडोच्या नळ्या पुन्हा भरल्या, जवळ येऊन आणखी दोन सोडले. डेकवर बांधलेली विमाने सुटून घसरली आणि माणसे त्यांच्याखाली सापडली. ७३ जण गेले, त्यांत मॅकेंड्रिकही. आपण 'फॉर्मिडेबल' जातीचे मोठे जहाज बुडवल्याची बिगाल्कची समजूत झाली, आणि बर्लिनने तसाच डांगोरा पिटला.

या रात्रीबद्दल मॅकेंड्रिक यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक लेखकांनी तसे केले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. विमानवाहू जहाजाने आपल्या वेगावर जगायचे, कोणाच्या रांगेत अडकायचे नाही, हे नौदलाने त्यांना शिकवलेले शहाणपण होते, आणि ३० नॉटने धावणाऱ्या जहाजासाठी ते खरेच होते. 'ऑडॅसिटी' धावे १५ नॉटने. 'यू-७५१' च्या जातीची पाणबुडी पृष्ठभागावर १७ नॉटच्या पुढे जाई. मोठ्या जहाजाची रीत लहान जहाजाला लावली गेली, आणि ही चूक एका कप्तानाची नसून नौदलाच्या साऱ्या रिवाजाची होती. आणखी एक गोष्ट. या रात्रीची हकीकत आपल्याला कळते ती वॉकर यांच्या अहवालातून आणि ब्राउनच्या आठवणींतून. तिसरा साक्षीदार समुद्रात राहिला. त्यामुळे वाचताना थोडे माप मॅकेंड्रिक यांच्या पदरातही टाकावे.

हिशेब मात्र बदलला नाही. त्याच रात्री 'डेप्टफर्ड'ने 'यू-५६७' बुडवली. तिच्यावर एंगेलबर्ट एंड्रास हा जर्मनीचा नावाजलेला कप्तान होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनहून शेकडो मैल उडत एक लिबरेटर विमान काफिल्यावर आले आणि ड्योनित्झने हल्ला थांबवला. ३२ व्यापारी जहाजांपैकी दोनच गेली. याआधी या मार्गावर काय होत असे, हे ओजी-७४ च्या प्रकरणात आहेच. सात महिन्यांनी, जुलै १९४२ मध्ये, बिगाल्क आणि त्याची पाणबुडी गेली तीही विमानांच्याच माऱ्याने.

यानंतर अशी जहाजे झपाट्याने आली. अमेरिकेच्या गोद्यांनी युद्ध संपेपर्यंत सव्वाशेच्या घरात बांधली आणि त्यांतली ३८ ब्रिटनला दिली. अमेरिकन उद्योगपती कैसर यांच्या व्हँकुव्हरच्या गोदीने तर एका वर्षात पन्नास. कोठार आले, लिफ्ट आली, पाणबुडीवर बाँब टाकणारी विमाने आली, आणि रात्री जहाज काफिल्याच्या रांगांच्या मधोमध ठेवण्याची रीत आली. ही जहाजे सुरक्षित झाली असे मात्र समजू नये. 'अव्हेंजर' नोव्हेंबर १९४२ मध्ये एका टॉर्पेडोने पाचशेहून अधिक माणसांसकट गेले. 'डॅशर'ला तर शत्रू लागलाच नाही. मार्च १९४३ मध्ये क्लाइडच्या मुखाशी पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला आणि ३७९ माणसे मेली. मालवाहू जहाजाच्या पोटात विमानाचे पेट्रोल भरण्याची ही किंमत.

आपल्या बाजूच्या समुद्रातही ही जहाजे लढली. 'अमीर', 'बेगम', 'शाह', 'खेदिव' अशा नावांची ब्रिटिश एस्कॉर्ट कॅरियर हिंदी महासागरात होती आणि जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या रामरी बेटावर सैन्य उतरले तेव्हा 'अमीर'ची विमाने त्यांच्या डोक्यावर होती. त्या आरमारावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. कोणी तरुण अभ्यासकाने ते काम हाती घ्यावे.

वाचकांना एवढेच सांगणे. कॉन्डोर पाडल्याच्या हकीकती चटकदार आहेत आणि त्या आधी वाचायचा मोह होईल, वाचाव्यात. पण १७ ते २१ डिसेंबरची प्रकरणे क्रमाने, अटलांटिकचा नकाशा समोर ठेवून वाचावीत, आणि प्रत्येक संध्याकाळी 'ऑडॅसिटी' काफिल्याच्या कोणत्या बाजूला गेली त्याची पेन्सिलीने खूण करीत जावी.